नळीवाल्या तात्यांची पगारचिठ्ठी

जुलै महिन्यातल्या एका बुधवारी तात्या पाण्याच्या सहा बाटल्या घेऊन केंद्रातून पुण्याच्या प्रयोगशाळेकडे निघाले. अकरा वाजता हमरस्त्याजवळच्या टपरीवर त्यांनी गाडी लावली आणि चहा सांगितला. चहा येण्याआधी ते बाकावर आडवे झाले. साडेअकराला तिथेच वारले. साल २००९.

मुळशी तालुक्यातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आरोग्य सहाय्यक होते आणि मी तिथली कारकून. त्यांचं पूर्ण नाव सेवापुस्तकात आहे, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. गावोगाव ते नळीवाले तात्या होते. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे त्यांच्याकडे बोटभर लांबीची काचेची नळी असायची. कुठल्याही गावच्या टाकीतलं पाणी नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि नळी उजेडाकडे धरायची. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे, पिता येईल. पांढरंच राहिलं तर गावच्या पाणीवाल्याची काही खैर नसे.

त्यांची दुसरी खूण मला पहिल्याच दिवशी कळली. १९९८ साल होतं. वडील नोकरीत असताना वारले म्हणून अनुकंपा तत्त्वावर मला नोकरी मिळाली होती, आणि परभणीहून मी इथे आले होते. टेबलावर पिशवी ठेवते न ठेवते तोच एक उंच, काळासावळा माणूस समोर येऊन उभा राहिला. "ताई, मी आरोग्य सहाय्यक. मला हातात चार हजार नऊशे मिळत्यात. तुमाला किती?" मी इतकी गांगरले की पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून गेले. आमच्या घरात बाबांचा पगार आईलासुद्धा नक्की माहीत नव्हता. पगार म्हणजे पोटातली गोष्ट, असं मी समजत होते.

तात्यांचा पगार भिंतीवर असे. लसीकरणाच्या वाराच्या कागदाशेजारी, नोटीस बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात, एक खिळा त्यांच्या मालकीचा होता. दर महिन्याला मी हाताने लिहून दिलेली पगाराची चिठ्ठी ते त्या खिळ्याला अडकवत. मूळ पगार, महागाई भत्ता, कपाती, खाली एकूण. जुनी चिठ्ठी काढायची नाही, तिच्यावरच नवी. काही वर्षांत तिथे दोन बोटं जाडीचा गठ्ठा झाला. लस टोचून घ्यायला आलेल्या बायका मूल कडेवर घेऊन तो वाचत. "तात्या, औंदा दीडशानं वाढला व्हय?" असं कुणी विचारलं की ते खूश होत. मी एकदा विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, "माझा पगार समद्या गावाला ठाव हाय. उद्या माझ्या दारात नवी गाडी दिसली तर शाळंतलं पोरबी हिशेब करील. मग मला कोन पैशे द्यायला येतंय?"

त्यांची गाडी म्हणजे बजाजची एम-एटी. माले गावाहून केंद्रापर्यंत रोज तिच्यावर येणं-जाणं. मालेला त्यांचं घर, म्हातारी आई, थोडी भाताची खाचरं आणि ती सांभाळणाऱ्या वहिनी. आई घर सोडायला तयार नव्हती आणि वहिनी खाचरं सोडायला. "दोघींच्या मदी मीच काय तो फिरता," असं ते म्हणत.

केंद्र होतं त्याच गावात, माणमध्ये, मी एक खोली भाड्याने घेतली होती. आले तेव्हा तिथे ऊस आणि गोठे होते. बघता बघता काचेच्या इमारती उठल्या, कॉम्प्युटरवाली मुलं खोल्या शोधत फिरू लागली, आणि आमच्या घरमालकांनी एका रविवारी मला भाडं दुप्पट सांगितलं. परभणीत जेवढ्या पगारात आईने आम्हा तिघांचं घर चालवलं असतं, तेवढ्यात इथे माझी एक खोली भागेना. मी ऑफिसात काही बोलले नव्हते, पण दोन दिवस डबा आणला नाही. तात्यांच्या ते लक्षात आलं असावं. तिसऱ्या दिवशी ते सरळ माझ्या घरमालकांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि मला म्हणाले, "ताई, चिठ्ठी आना तुमची." मी आणली. त्यांनी ती मालकांच्या हातात दिली. "वाचा मामा. ही कॉम्प्युटरवाली न्हाई. तुमच्या नातवाला डोस पाजला त्या दवाखान्यातली हाय. हिला सरकार खेड्याचं घरभाडं देतंय आन् तुमी शेराचं मागताय." मालकांनी चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली. "एवढाच?" म्हणाले. त्या एका शब्दाने माझे कान तापले. भाडं वाढलं नाही. पण आठवडाभर मला तात्यांचा राग होता. माझं दारिद्र्य त्यांनी ओट्यावर मांडलं, असं मला वाटत राहिलं.

त्यांच्या मनात खेड्याचं आणि शहराचं हे गणित कायम चालू असे. त्याला कारण होतं त्यांचा एक वर्गमित्र. दोघांनी स्वच्छता निरीक्षकाचा अभ्यासक्रम एकाच वर्षी, एकाच बाकावर बसून केला होता. मित्र महापालिकेत लागला, तात्या जिल्हा परिषदेत. पुढे योगायोगाने मित्राचा भाग आणि तात्यांचा भाग एकमेकांना लागून आले. हमरस्त्याजवळ महापालिकेच्या हद्दीची पाटी होती, तिच्या अलीकडे तात्या आणि पलीकडे तो. दोघेही एकाच टँकरचं पाणी तपासत. पाटीजवळच्या टपरीवर दोघांची गाठ पडे. प्रयोगशाळेत बाटल्या पोचवायला तात्यांबरोबर मीही कधी जात असे, म्हणून त्यांचं बोलणं मी ऐकलं आहे.

"काय रं पलीकडच्या, च्याचं पैशे कोन देनार?"

"तू दे की. दर खेपेला मीच देतो."

"तुज्या चिठ्ठीत माज्यापरास चार ओळी जादा हायेत. शेराचा भत्ता हाय, घरभाडं हाय. त्यातली एक ओळ च्याची समज."

"मग ये की इकडं. जागा निघतायत. अर्ज कर."

"आन् ह्यो टँकर कुटं भरतो?"

"तुमच्या विहिरीवर."

"मग तपासनारा हितंच पायजे का न्हाई? तू पी च्या."

दोघांच्या पगारात महिन्याला साधारण अडीच हजारांचा फरक होता. तात्या तो रुपयांत सांगत नसत. "माझ्या एम-एटीचं तीन महिन्याचं पेट्रोल," असं सांगत. त्यांनी एकदा पाटीपासून आपल्या हद्दीतल्या त्या विहिरीपर्यंत पावलं टाकून मोजलं होतं. चाळीस भरली. तेव्हापासून दर एप्रिलच्या पहिल्या तारखेला ते वरच्या कार्यालयाला एक अर्ज करत. मसुदा माझ्याकडून शुद्ध करून घेत, पण त्यातलं शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं आणि त्याला हात लावू देत नसत: "अभ्यासक्रम एक, काम एक, पाणी एक. हद्दीच्या पाटीपासून चाळीस पावलांवर वेतन का बदलते, याचे कारण लेखी कळवावे." पैसे वाढवून द्या असं त्यात कुठेही नव्हतं. मी एकदा ते सुचवलं. "मागनं म्हनून लिवलं की ते न्हाई म्हनून मोकळं व्हत्यात," ते म्हणाले. "कारान इचारलं की बसू दे इचार करत." अर्जाला आवक क्रमांक मिळे. उत्तर आलं नाही.

हक्कासाठी असा भांडणारा माणूस मिळत असलेला एक भत्ता मात्र घेत नव्हता. नियम असा होता की नेमणुकीच्या गावी, म्हणजे मुख्यालयी, जो राहील त्याला घरभाडे भत्ता. त्यासाठी दर महिन्याला एका तक्त्यावर आपल्या नावापुढे "मुख्यालयी राहतो: होय" असं लिहून सही करायची. आमच्या केंद्रातले बहुतेक लोक पुण्यात राहत आणि "होय" लिहीत. मी खरोखरच माणमध्ये राहत होते, त्यामुळे मला प्रश्न नव्हता. तात्या लाल पेनाने लिहीत: "नाही. माले येथे राहतो." दर महिन्याला. रकमेने तो भत्ता लहान होता, खेड्याच्या दराचा. पण तोही नाही. सहकारी चिडत. "तात्या, तुमच्या एका 'नाही'मुळे आमच्या दहा 'होय'कडे बोट जातं," असं एकाने तोंडावर सांगितलं होतं. तात्या म्हणाले, "मग बोट आलं की हात वर करा."

चूक माझ्याकडून झाली ती इथे. त्यांची आई पडली, मांडीचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं. तात्यांनी कुणापुढे हात पसरला नाही, पण त्यांची एम-एटी महिनाभर दिसली नाही. ते एसटीने येत आणि उरलेलं चालत. त्या महिन्यात तक्ता माझ्या टेबलावर आला तेव्हा ते रजेवर होते. त्यांच्या नावापुढची जागा रिकामी होती. मी पेन उचललं आणि "होय" लिहिलं. सही केली नाही, तेवढं धैर्य नव्हतं. तक्ता तसाच पुढे गेला आणि मंजूर झाला. मला वाटलं, दोनशे साठ रुपये, कुणाच्या लक्षात येणार?

चिठ्ठी खिळ्याला अडकवताना त्यांच्या लक्षात आलं. "ताई, ही ओळ कुटली?" मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते तालुक्याला, पौडला गेले, चलन भरून पैसे सरकारजमा केले, आणि चलनाची प्रत त्या चिठ्ठीमागे टाचणीने लावली. त्यानंतर दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. नमुन्यांची वही टेबलावर ठेवत आणि जात. दोन महिन्यांनी पेरू घेऊन आले, मालेचे. पेरू टेबलावर मांडता मांडता म्हणाले, "माजी अडचन मला ठाव हाय ताई. ती मी बोर्डावर लावली हाय. तुमी तिला झाकाय गेला." एवढंच. मग नेहमीच्या आवाजात, "मीठ हाय का डब्यात?"

पुढच्या वर्षी विहिरीचं प्रकरण झालं. हद्दीच्या पाटीजवळची तीच ती विहीर. तिच्यावरून एका टँकरमालकाचे टँकर भरत आणि नव्या इमारतींवर काम करणाऱ्या मजुरांच्या वस्तीला जात. वस्तीतली माणसं लांबून आलेली, बरीचशी हिंदी बोलणारी. एका सकाळी तिथली एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन केंद्रात आली. मुलीचे डोळे हळदीसारखे झाले होते. दुपारपर्यंत तशीच आणखी पाच माणसं आली. तात्या नळी घेऊन विहिरीवर गेले. तीन वेळा थेंब टाकले, तिन्ही वेळा पाणी पांढरं. परत आल्यावर मला म्हणाले, "ताई, पानी पिवळं व्हाय पायजे व्हतं. पोरीचं डोळं झालं." बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या, अहवाल आला, अयोग्य. त्या दिवशी त्यांनी विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाने "हे पाणी पिण्यास अयोग्य" असं हातभर अक्षरात लिहिलं आणि खाली तेच हिंदीत. हिंदी मी सांगितलं.

टँकरमालक केंद्रात आला. पांढरे कपडे, हातात पाकीट. तात्यांनी त्याला हात धरून बोर्डापाशी नेलं. "वाचा."

त्याने वाचलं आणि हसला. "काय तात्या, एवढ्यात भागतं का तुमचं?"

"न्हाई भागत."

"मग घ्या की हे. लाजताय कशाला?"

"भागत न्हाई ते मी सरकारला सांगतोय, शेठ. तुमाला न्हाई."

लस टोचून घ्यायला आलेल्या बायका हसल्या. मला वाटतं पाकिटापेक्षा ते हसणं त्याला जास्त लागलं. महिन्याभरात तात्यांविरुद्ध तक्रार गेली. एक, पैसे मागतात. दोन, मुख्यालयी राहत नाहीत आणि घरभाडे भत्ता घेतात. चौकशीत ठपका आला तर निलंबन होतं, आणि विहिरीवरची ती लाल अक्षरं पुसायला टँकरमालकाचा माणूस रंगाचा डबा घेऊन तयारच होता.

चौकशी अधिकारी पुण्याहून आले तो दिवस मला तासातासाने आठवतो. केंद्राच्या प्रमुख डॉक्टर मॅडमच्या खोलीत त्यांनी चार वर्षांचे तक्ते मागवले. मीच ते कपाटातून काढून एकेक करून दिले. लाल "नाही", लाल "नाही", लाल "नाही". अधिकारी पानं उलटत होते आणि मला पुढचं प्रत्येक पान माहीत होतं. ते पान आलं. निळा "होय".

"म्हणजे या महिन्यात घेतला होता," अधिकारी म्हणाले.

"आला व्हता," तात्या म्हणाले. "ठिवला न्हाई. चलन बोर्डाला हाय."

शिपाई गठ्ठाच खिळ्यावरून काढून घेऊन आला. चलन सापडलं. अधिकाऱ्यांनी तारीख पाहिली. भत्ता आला त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती.

"मग हे 'होय' कुणी लिहिलं?"

तात्या भिंतीकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि ते बघणार नाहीत हे मला ठाऊक होतं. ते म्हणाले, "सही माजी न्हाई येवढं मला म्हाईत हाय."

माझी नोकरी अनुकंपेची. परभणीला आई आणि शिकणारा भाऊ. मी गप्प बसले असते तर प्रकरण तिथेच विरलं असतं, कारण चलन होतं. पण एक शंका त्यांच्या नावावर राहिली असती. मी उभी राहिले. "अक्षर माझं आहे, सर. त्यांना विचारलं नव्हतं." माझ्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली. ती आजही आहे आणि मला तिची लाज नाही.

जाताना अधिकाऱ्यांनी तो गठ्ठा हातात घेऊन पाहिला. "तुम्ही महापालिकेत का नाही गेलात?" त्यांनी विचारलं. तात्या म्हणाले, "इहीर हितं हाय, सायेब."

तक्रार निकालात निघाली. लाल अक्षरं राहिली. वस्तीला महिन्याभरात दुसरीकडून पाणी मिळालं. पण अधिकाऱ्यांनी जाता जाता सर्वांकडून राहण्याचा पुरावा मागितला आणि केंद्रातल्या दहा जणांचा भत्ता बंद झाला. त्यांनी तात्यांबरोबर जेवणं सोडलं. जवळजवळ वर्षभर जेवणाच्या सुट्टीत लांब टेबलाच्या एका टोकाला तात्या आणि मी, आणि दुसऱ्या टोकाला बाकीचे. तात्यांना त्याचं दुःख झालं असेल, पण ते मोठ्याने म्हणत, "ताई, बरं झालं. भाकरी वाटावी लागत न्हाई." आणि पुढच्या एप्रिलच्या अर्जात त्यांनी एक वाक्य वाढवलं: खेड्यात राहण्यासारखी घरं कर्मचाऱ्यांना बांधून द्यावीत, म्हणजे कुणाला खोटं लिहावं लागणार नाही. त्यांच्याशी न बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं ते वाक्य त्यांनी कुणाला दाखवलं नाही. मी शुद्ध केलं म्हणून मला माहीत.

२००९ मध्ये सहाव्या वेतन आयोगाचा पगार हातात आला. मी चिठ्ठी दिली, त्यांनी ती उजेडाकडे धरली, नळी धरत तशी. "वाढला," म्हणाले. मग म्हणाले, "फरकबी वाढला." ते खरं होतं. घरभाडं टक्केवारीने ठरतं. मूळ पगार वाढला की शहराचं आणि खेड्याचं अंतरही वाढतं. त्यांनी चिठ्ठी खिळ्याला अडकवली. त्यानंतर आणखी एक अडकवली.

त्या बुधवारी टपरीवाल्याचा फोन आला तेव्हा मी गेले. तात्यांना रुग्णालयात नेलं होतं, वहिनींना निरोप गेला होता, मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाकाखाली ओल्या पोत्यात सहा बाटल्या होत्या. पाण्याचे नमुने वेळेत पोचले नाहीत तर वाया जातात. डॉक्टर मॅडम फोनवर म्हणाल्या, "राहू दे गं आज." मी पोतं उचललं आणि पुण्याची बस धरली. प्रयोगशाळेतल्या माणसाने विचारलं, "आज तात्या नाही आले?" मी वहीत नमुने घेणारा म्हणून त्यांचं नाव लिहिलं आणि आणणाऱ्याच्या जागी माझी सही केली. नंतर मालेला गेले.

अहवाल आठवड्याने आले. चार योग्य, दोन अयोग्य. त्या दोन गावांना मी पत्रं पाठवली.

त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. १ एप्रिल २०१० ला मी त्यांचा अर्ज माझ्या नावाने केला, एक शब्द न बदलता. आवक क्रमांक मिळाला आहे, उत्तर आलेलं नाही. बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांचा गठ्ठा आहे. त्याच्या शेजारी मी एक खिळा ठोकला आहे, आणि त्याला माझी चिठ्ठी आहे.